खोलीची शांतता

हॅलो?

हो, बोल छोटे. … नाही गं, झोपतेय कसली, कानात हेडफोन होते. कधीपासून वाजतोय फोन? … बरं. एवढं काय पेटलंय?

परत म्युझिक वाढव?

अगं किती वाढवू? सकाळी म्हणालीस वाढव, वाढवलं. मग साहेबांना ऐकवलंस, ते म्हणाले अजून. अजून केलं. आता… हो, हो… अगं ऐक ना. ऐकतेस का? याच्यापुढे वाढवलं तर तुझा आवाजच जाईल. वर पियानो आणि खाली तू, विहिरीत पडल्यासारखी. नुसते बुडबुडे येतील.

नियम साधा आहे गं. माणूस बोलायला लागला की म्युझिकने खाली बसायचं. माणूस थांबला की उठायचं. एवढंच असतं बॅलन्स म्हणजे. आपल्या घरात कोणी पाळला नाही हा नियम, पण व्हिडिओत पाळतात.

… काही नाही. असंच म्हणाले.

साहेबांचं म्हणणं काय आहे नेमकं? … "आवाज रडका येतोय." असं म्हणाले? … गादीची जाहिरात आहे, बाई निवांत वाटली पाहिजे. बरं. हेही म्हणाले. … वा. म्हणजे नवऱ्याने गाद्यांचं दुकान काढायचं… शोरूम, बरं बाई, शोरूम. संध्याकाळी उद्घाटन, भिंतीएवढा पडदा, त्यावर फिल्म. फिल्मला आवाज घरच्या बाईचा आणि फिल्म जोडणार घरच्या बाईची बहीण. दोघी फुकटातल्या. आणि वर रडका आवाज म्हणून ऐकून घ्यायचं.

… चिडलेली नाहीये मी.

बरं, चिडलेय.

घरात कोण आहे आत्ता? … पिल्लू झोपलीय. आणि साहेब? … शोरूमला. येणार कधी? … तासाभरात. तुला न्यायला? … अच्छा, लॅपटॉप न्यायला. आणि जमलं तर तुला.

फोन तपासतो ना तो तुझा? … तपासू दे. आज फिल्मचं निमित्त आहे. ताईशीच बोलत होते म्हण, म्युझिक वाढवायला सांगत होते म्हण. खोटंही नाही.

आता मी बोलते ते ऐक. म्युझिकचं नाहीये.

… दार लावते थांब, खाली झेरॉक्सवाल्याचं मशिन खडखड करतंय. … हां.

तू आवाज पाठवलास ना. गादीवर बसून, डोक्यावरून रजई घेऊन, मी सांगितलं तसा. चांगला केलास. "दमलेल्या पाठीला आधार, अख्ख्या घराला शांत झोप." आणि मी अजून काय सांगितलं होतं? बोलून झाल्यावर? … बरोबर. लगेच बंद करायचं नाही. फोन तसाच ठेवायचा, गप्प बसायचं. खोलीची शांतता घ्यायची. मी सगळ्यांनाच सांगते हे, तुलाच नाही.

… कशाला म्हणजे? शांतता काय सगळीकडे सारखी असते? तुझ्या खोलीची वेगळी, माझ्या खोलीची वेगळी. दोन वाक्यांच्या मधे भोक पडलं तर त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावावं लागतं. दुसरीकडची लावली तर कानाला ठेच लागते. म्हणून घ्यायची.

तर तू घेतलीस. आणि बंद करायला विसरलीस.

… हॅलो?

छोटे.

आहेस ना?

हो. ऐकलं मी.

… सगळं.

कपाट? कुठलं कपाट पडलं? … अगं कपाट एकदा पडतं. उठून परत परत पडत नाही. आणि कपाट "तोंड वर कर" असं म्हणत नाही.

… नाही, आता तू ऐक. मला आवाज दिसतो, कळलं का? पडद्यावर रेघ असते. तू बोलतेस तेव्हा ती गवतासारखी हलते, इतकं बारीक बोलतेस तू. मग तुझं बोलणं संपलं, रेघ आडवी पडली. ती तुझी शांतता. मग दार वाजलं. मग तो. त्याचे शब्द नीट येत नाहीत, फोन रजईत होता ना. रजईत फोन राहिला आणि तू बाहेर आलीस. आणि मग रेघ उभी राहिली. थेट वरपर्यंत, लाल.

… लाल म्हणजे, आवाज एवढा मोठा की मशिनला झेपत नाही. फुटतो. रजईतून सुद्धा फुटला, छोटे. मशिनला झेपला नाही तो तू गालावर घेतलास.

आणि नंतर पट्टा होता. … नाही कसा? बक्कल वाजतं. मला नको शिकवू काय होतं, मी दिवसभर आवाजच ओळखत बसते.

का पण? … म्हणजे? … "झोप" म्हणताना तुझा श्वास आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला म्हणून? एवढ्यावरून? … रेकॉर्डिंग बिघडवलंस म्हणून.

श्वास मी काढते गं. कापते आणि फेकते. पापणी लवायच्या आत होतं ते काम. त्यासाठी माणसाला फोडत नाहीत.

… "त्यांच्यावर उद्घाटनाचा ताण आहे." हो का. माझ्यावर पण आहे ताण. मी कोणाचं डोकं फोडलं? अजून तरी नाही. पण आज सकाळपासून समोर कात्री पडलीय ना, ती मी तीनदा उचलून खणात टाकली. खरं सांगते. तो समोर असता तर गळ्यातच घातली असती, आणि मग बसले असते आरामात चहा पीत.

… नाही घाबरवत तुला. मीच घाबरलेय.

रडतेस? … रड. रड, पण फोन ठेवू नकोस.

तुला आपल्या घरचं काय आठवतं गं? रेडिओ आठवतो? … गाणी आठवतात. तुला गाणीच आठवणार, तू लहान होतीस. बाबा आले, चपला कोपऱ्यात फेकल्या, की आई काय करायची? … उठायची आणि रेडिओ मोठा करायची. आई, बाबा नाही. आई स्वतः. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. एका हाताने बटण फिरवायची आणि दुसरा हात आधीच डोक्यावर. जिन्यातल्या बायका म्हणायच्या, काय बाई यांच्या घरी गाण्याची आवड.

… सर्दीने? आईचा डावा कान सर्दीने गेला असं तुला सांगितलं होतं. सर्दीने कान असा जातो होय?

आणि आज तू मला फोन करतेस, ताई म्युझिक वाढव.

… त्यांनी सांगितलं म्हणून. हो. आईलाही पहिल्यांदा कोणीतरी सांगितलंच असेल. नंतर सांगावं लागत नाही. हात आपोआप जातो बटणाकडे.

… पोलिस? पाठवले होते ना मी मागे एकदा. तूच दारात उभी राहून म्हणालीस, बाथरूममध्ये घसरले, ताईला उगाच काळजी वाटते. … हो, तो मागे उभा होता. कळलं मला, पण त्यांना नाही ना कळलं. किंवा कळलं, आणि घरी जाऊन जेवले.

… पिल्लूसाठी. बरं. पिल्लूसाठी राहतेस. तिला काही कळत नाही, ती हॉलमध्ये कार्टून बघत होती. बरोबर? … बरोबर. ट्रॅकवर आहे कार्टून. ऐकू येतं मागे.

मग मला एकच सांग. कार्टूनचा आवाज कोणी वाढवला?

… त्याने? कधी? … आत यायच्या आधी. नाही. … अगं नाही, ऐक ना. मी तो तुकडा इतक्यांदा ऐकलाय. आधी कार्टून बारीक आहे. मग दार. मग तो. मग पहिला फटका. कार्टून त्याच्यानंतर वाढतं. आणि एकदम नाही वाढत. पायरीपायरीने वाढतं, रिमोटचं बटण दाबल्यासारखं. फटका, एक पायरी. फटका, एक पायरी.

त्याचे हात कामात होते. तुझे तोंडावर होते. मग रिमोट कोणाच्या हातात होता?

छोटे?

हो.

हो गं.

चार वर्षांची आहे ती. तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

… ठेव. फोन खाली ठेव, पाणी पी, तोंडावर मार. मी आहे इथेच. कट करू नकोस. …

…

आलीस? … बघितलंस तिच्याकडे? … झोपू दे.

काय म्हणालीस? … मोठ्याने म्हण. … "दार."

दाराचं काय? … बाहेरून कुलूप? आत्ता? आत्ता या क्षणी तुला कोंडलंय आणि तू माझ्याशी पियानोवर बोलतेस? … रोज. बरं. रोज. … आणि मी आले होते तेव्हा? … मी येणार कळलं की नाही लावत. हुशार आहे. आणि मी जगभर सांगत फिरते, आमची छोटी फोनवर गोड बोलते पण घरी काही यायचं नाव नाही.

… आग लागली तर? गादीवाल्याचं घर, कापूस नुसता. … हसतेस काय. … हस. हस, बरं वाटलं ऐकून.

किल्ली कोणाकडे? … एकच, त्याच्याकडे. आणि तो घरात असतो तेव्हा? … बाहेर कडीलाच लटकतं कुलूप, किल्ली त्यातच. म्हणजे तो नसतो तेव्हा दार बंद आणि तो असतो तेव्हा दारात तो. वा रे वा.

मग त्याला येऊ दे.

… ऐक तर. तो आला की दार उघडं. दारातून त्याला हलवायचं आणि बसवायचं, हे माझं काम. बाहेर पडायचं, हे तुझं. दुसरं काही नाही. कपडे नकोत, दागिने नकोत, पिल्लूची बाहुली नको. … बाहुली घे बरं, नाहीतर जिन्यात भोकाड पसरेल. बाहुली आणि पोर. बास.

खाली मावशी आहे.

… हो, आहे. ओरड नंतर. मी सांगितलं तिला सकाळीच. शाळेची मुलं सोडली आणि व्हॅन घेऊन थेट आली, तुमच्या खिडकीखालीच उभी आहे, लाँड्रीसमोर. बघू नकोस खिडकीतून. तिने सीटखाली चाकाचा पाना ठेवलाय. मी वर जाते आणि दोन्ही गुडघे फोडते म्हणत होती. मी म्हटलं मावशी, नको. तर म्हणते, बरं, एकच फोडते. … हो ना. वय काय, बोलते काय. बाबांच्या वेळी गप्प बसले म्हणाली, आता नाही बसणार.

… जाशील कुठे म्हणजे? मावशीकडे. मग एका वकीलबाईंकडे, त्यांना ऐकवलाय मी तो तुकडा. … हो, तुला न विचारता ऐकवला. त्याबद्दल मला नंतर हवं तेवढं बोल. समोर बसून बोल, जिवंत. चालेल मला.

लॅपटॉप कुठे असतो? … खिडकीशी टेबलावर. म्हणजे बसला की दाराकडे पाठ. छान. आणि हेडफोन? … मोठे, कान झाकणारे. वायरचे? … देव पावला. वायर लहान आहे ना? … त्याला उठता येणार नाही मग. वासरासारखा बांधलेला राहील.

तुला जमणार नाही असं कोण म्हणतं? … तो म्हणतो. तो तर असंही म्हणतो की तुझा आवाज रडका आहे. मी इथे बसून ऐकते ना तुझा आवाज. रडका नाहीये. दाबलाय. दोन्हींत फरक असतो, आणि तो माझ्याइतका कोणाला कळत नाही.

तू खाली पोचलीस की मावशी दोनदा हॉर्न वाजवेल. मला फोनवर ऐकू येईल. तोवर त्याला मी…

काय?

… त्याचीच गाडी? नक्की? … तासाभराने येणार होता ना. … बरं. बरं, ऐक, घाबरू नकोस. चेहरा धू. नको, वेळ नाही, राहू दे. नेहमीसारखीच दिसतेस ना, रडलेली? मग त्याला वेगळं काय वाटणार.

तो आत आला की फोन त्याच्या हातात द्यायचा. म्हण, ताईला तुमच्याशीच बोलायचंय, माझं काही ऐकत नाही. शिव्या घाल मला. त्याला आवडेल. … कुलूप काढतोय? … मलाही ऐकू येतंय.

दे. दे त्याला. छोटे, जा आता.

…

नमस्कार, जावईबापू.

हो, मीच. … अहो तीच सांगत होती, तुम्हाला म्युझिक कमी वाटतंय. मी म्हटलं, हिला काय कळतंय, मालकांशीच बोलते. … हो ना. बायकांना एक काम धड सांगता येत नाही. … बरोबर आहे तुमचं. कान आहे तुम्हाला.

फिल्म तयार आहे. एक शेवटचं ऐकून घ्या, की पाठवलीच. लॅपटॉपवर लिंक टाकलीय. मी इथे हलवेन ते तुम्हाला तिथे ऐकू येईल, जसं हवं तसं सांगा. … नाही, नाही, मोबाईलवर नको. मोबाईलवर सगळं बारीक येतं. तुमचा पडदा भिंतीएवढा, पाहुणे मोठे मोठे, तिथे जाऊन फजिती नको. बसा टेबलावर. … बसलात? … खुर्ची ओढून घ्या नीट.

हेडफोन लावा. … एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानाला मी. फोन स्पीकरवर नका टाकू, घुमतो. … हां. दाबा लिंक.

येतंय?

… पियानो येतोय. छान. आता कसं वाटतंय सांगा. … कमी? हे कमी? … बरं, वाढवते. … आता? … अजून?

… कोण, ती? अहो तयार होत असेल. उद्घाटन आहे, बाई नीट नको दिसायला चारचौघांत? … चहा? चहा करेल की, कुठे जातोय चहा. आधी हे संपवू, संध्याकाळ डोक्यावर आलीय. … उठू नका, वायर निघेल. निघाली ना? … लावा परत. परत पहिल्यापासून घ्यावं लागेल आता. बघा, म्हणून म्हणत होते.

सुरू करते.

… नाही, नाही, असं नाही. डोळे मिटा. … अहो गंमत नाही. बॅलन्स असाच करतात. डोळे उघडे ठेवले की चित्राकडे लक्ष जातं, कान आळशी होतो. आम्ही सगळे मिटतो. … मिटलेत? … शाब्बास. गादीवर पडलाय असं समजा. तुमच्याच गादीवर.

आता तिचा आवाज येईल. … आला? … कसा वाटतो? … अजून रडकाच. बरं. … "शांत झोप" म्हणताना चिरकते. हो, खरंय. मग काय करू, तिला खाली घेऊ? … म्युझिक वर, ती खाली. … अजून खाली? … अजून?

काय पडलं? … मला नाही ऐकू आलं काही. पिल्लूचं खेळणं असेल. डोळे उघडलेत ना? … मिटा हो. पाहुण्यांसमोर मलाच बोलाल मग. … हां. किती दिवस खपताय तुम्ही या शोरूमसाठी, एवढ्याशा आवाजाने मातीत घालवायचं का?

… काय? … पोरगी रडल्यासारखी वाटली? जिन्यात? … कोणाची तरी असेल. सगळ्यांच्याच रडतात. … थांबा, बघा हं, आता जो सूर येईल तो तुमच्या नावाच्या पाटीवर येणार आहे. तो नीट ऐका. तो चुकला तर सगळं चुकलं. … आला. … आवडला? … मला वाटलंच होतं. अजून वाढवू? … बघा, मागितलंत की मिळतं. … आता बाईचा आवाज येतोय का? … अजिबात नाही. मग आता बरं वाटतंय ना.

थांबा. जरा बोलू नका.

…

एक.

…

दोन.

… काही नाही हो. हॉर्न वाजला. तुमच्याच खिडकीतून आला, फोनवर मला ऐकू आला. तुम्हाला नाही आला? … नाही येणार. म्युझिक मोठं आहे ना.

डोळे नका उघडू. शेवटचा तुकडा राहिला. आता म्युझिक पूर्ण काढते. शून्य. … शांत झालं? हिला खोलीची शांतता म्हणतात. तुमच्याच खोलीची आहे. घड्याळाची टिकटिक येतेय बघा मागे. आणि बाईचा श्वास.

हे दार.

हे कोण बोलतंय, ओळखलंत? … नाही? स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की सगळ्यांना वाटतं, हा मी नव्हेच. तूच आहेस.

… हो, तू म्हटलं. जावईबापू संपले.

हे तुझं "तोंड वर कर." … हा पहिला. … हा दुसरा. … हे तुझं बक्कल. आणि मागे कार्टून वाढतंय ते ऐक, ती तुझी पोर आहे. बाप बाईला फोडतोय, त्याला म्युझिक लावतेय ती. तुझ्यापेक्षा चांगला बॅलन्स करते. … हेडफोन काढू नकोस रे, पुढे तू दमतोस, तो भाग छान आहे. काढलास. बरं.

… बंद कर ना. फोड लॅपटॉप, मला काय. माझ्याकडे आहे, मावशीकडे आहे, वकीलबाईंकडे आहे.

… ती? बघ ना कुठे आहे. आत बघ. … बाथरूममध्ये बघ, तिथे ती घसरते ना नेहमी. … पलंगाखाली? … तिथेही नाही. मग कमाल आहे.

तुझी फिल्म पाठवलीय. उद्घाटनाला लाव. पियानो एकदम मोठा, तुला हवा तसा. बाईचा आवाज त्यात नाहीये. काढून टाकला सगळा. तुझ्या गाद्या विकायला नव्हता तो.

… काय करणार? … जीव घेणार. कोणाचा? … माझा. बरं, ये. झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला, जिना अरुंद आहे, सावकाश ये. खणातली कात्री बाहेर काढून ठेवते. मी आईची पोरगी आहे, पण मी आई नाही. रेडिओही नाही माझ्याकडे. तू एक मारलास तर मी असा आवाज करीन की तिन्ही गल्ल्यांत माणसं हातातला घास टाकून उठतील. … शिव्या दे, दे, हा फोन पण रेकॉर्ड होतोय. तुझीही रेघ दिसतेय मला.

नीघ मग. बसलायस काय.

…

काय झालं?

… उघडत नाही म्हणजे? … ओढ. … अरे ओढ नीट.

… कुलूप? … बाहेरून?

…

नाही. हे मी नव्हतं सांगितलं तिला. … शपथ घेऊ का? मी फक्त नीघ म्हणाले होते. पोर आणि बाहुली, एवढंच घे म्हणाले होते. हे तिचं आहे. पूर्ण तिचं.

कडेवर झोपेतली पोर, जिन्यात रडायला लागलेली. खाली गाडी उभी. आणि ती थांबली, कडी घातली, कुलूप दाबलं. … माझी छोटी.

… हसत नाहीये मी. डोळे पुसतेय.

हा कसला आवाज? … लाथ मारतोस दाराला? … मार. … अजून. … बघ, लाल झाली रेघ. … खांदा दे. … डोकं आपट, त्याने उघडतं का बघ.

… काय? … हळू बोल, मग कळेल काय ते. … जिन्यात कोण आहे? … वरची काकू. आणि? … खालचेही आले. सगळे आले म्हण की.

काय विचारतायत? … "आतून कसला आवाज येतोय."

मग सांग ना त्यांना.

… नाही सांगता येत?

लॅपटॉप चालू आहे का अजून? … आहे ना. मग म्युझिक वाढव.

ठेवते.